हीटर जळाला, असं म्हणण्याआधी

आमच्याकडे थंडीत डिझेल जीप सुरू करताना 'आधी हीटर दे' म्हणायचे. किल्ली अर्धी फिरवायची, समोरचा दिवा लागायचा, तो विझेपर्यंत थांबायचं आणि मग सेल मारायचा. नाशिककडच्या डिसेंबरातल्या पहाटेला तेवढं पुरत असे. त्यामुळे कॅनडात एडमंटनला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात शेजाऱ्यांनी 'रात्री हीटर लावला होता का?' म्हणून विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. बाहेर उणे २९ अंश होतं. माझी पाच सिलिंडरची डिझेल सेडान तेव्हा तिशी ओलांडलेली होती. ती त्या दिवशी सुरू झाली नाही. त्यांच्या तोंडचा हीटर आणि माझ्या डोक्यातला हीटर या दोन वेगळ्या वस्तू होत्या.

पुढच्या काही हिवाळ्यांत मी तो दुसरा हीटर, म्हणजे ब्लॉक हीटर, एकदा विनाकारण बदलायला निघालो आणि एकदा खरोखरच बदलला. एडमंटन, कॅल्गरी, विनिपेग या गावांत दर वर्षी नवी मराठी कुटुंबं येतात, जुनी गाडी स्वस्तात घेतात आणि पहिला हिवाळा ऐकीव माहितीवर काढायला बघतात. इथल्या थंडीत ऐकीव माहिती चुकीची निघाली तर पैसे जातातच, शिवाय पाळणाघरात सोडायचं पोर अंगावर तीन थर घालून बंद गाडीत बसून राहतं. म्हणून वारंवार कानावर येणारे गैरसमज एकेक करून घेतो.

"डॅशबोर्डवरचा दिवा विझला म्हणजे हीटर चालू आहे"

तो दिवा ग्लो प्लगचा. आपले मेकॅनिक त्यालाच हीटर प्लग म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवायची की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं, एवढ्यावर सगळं चालतं. मर्सिडीजच्या ओएम ६१७ या पाच सिलिंडरच्या जुन्या टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन २१.५ ला १ आहे, म्हणजे हवा मूळ आकारमानाच्या एकविसाव्या हिश्श्याहूनही कमी जागेत कोंबली जाते. पण भोवतीचं ओतीव लोखंड उणे तीसवर गारठलेलं असेल तर दाबानं तापलेल्या हवेची उष्णता ते तिथल्या तिथे पिऊन टाकतं. त्यात सेल संथ फिरला तर उष्णता निसटायला आणखी सवड मिळते. ग्लो प्लग बॅटरीच्या १२ व्होल्टवर काही सेकंद लालबुंद होतो आणि जिथे ठिणगी हवी असती त्या छोट्या कप्प्यापुरती ऊब देतो. अख्ख्या ब्लॉकचं गारठलेपण घालवणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

ब्लॉक हीटर घरच्या विजेवर चालतो, कॅनडात १२० व्होल्टवर, आणि त्याला काही तास लागतात. मराठी घरात वाढलेल्या माणसाला तो एका वाक्यात कळतो: अंघोळीचं पाणी तापवायला बादलीत सोडतो तो रॉड, त्याचं हे धाकटं भावंड. बादलीच्या जागी इंजिनाचा ब्लॉक, पाण्याच्या जागी कूलंट. पंप बंद असतो, तरी तापलेला कूलंट हलका होऊन वर चढतो, गार खाली येतो आणि असं फिरत फिरत लोखंड ऊब धरतं. म्हणूनच हीटर ब्लॉकच्या खालच्या अंगाला बसवलेला असतो.

थंडीत जुनं डिझेल इंजिन सुरू करायला दोन्ही लागतात. एक धड असला म्हणजे दुसराही धड आहे, असं होत नाही.

"पूर्वीच्या लोकांचं याच्याशिवाय चालतच होतं की"

चालत होतं, पण कसं ते पाहा. रात्री इंजिनमधलं तेल काढून घरात शेगडीजवळ ठेवायचं आणि सकाळी गरम करून परत ओतायचं. कुणी इंजिनाखाली निखाऱ्यांची परात सरकवत असे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामधल्या ग्रँड फोर्क्स गावच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४०च्या दशकात इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी विजेवर तापणारा पोकळ बोल्ट बसवला आणि १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. ते एका वीज सहकारी संस्थेचं काम बघत. खेड्यापाड्यांत वीज पोहोचवणाऱ्या माणसाला ही युक्ती सुचली, याचं मला अप्रूप वाटतं.

"हीटर लावला की गाडी सुरू होणारच"

ही समजूत सगळ्यात जास्त सकाळी वाया घालवते. थंडीत डिझेल गाडी अडते तेव्हा अडचणी चार असतात: लोखंड, तेल, बॅटरी आणि इंधन. ब्लॉक हीटर पहिलीवर थेट उपाय करतो. तेल खाली चेंबरमध्ये असतं आणि ऊब वर चढते, त्यामुळे तेलाला त्याचा लाभ उरलासुरलाच मिळतो. बॅटरी आणि इंधनाच्या टाकीपर्यंत तर तो पोहोचतच नाही.

तेलाच्या डब्यावरचा 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. सेल फिरताना तेल किती आडवं येतं याची चाचणी १५डब्ल्यू तेलासाठी उणे २० अंशांवर होते, ५डब्ल्यूसाठी उणे ३० वर आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ वर. पुण्यात ज्या गाडीत डोळे मिटून १५डब्ल्यू-४० घालतो, तिच्यात एडमंटनच्या जानेवारीत तेच घातलं तर सेलला काकवी घुसळावी लागते. गाडीच्या पुस्तिकेत हिवाळ्यासाठी कोणतं तेल चालतं ते बघून घ्यावं. बॅटरीचं उलट होतं: काम वाढतं तेव्हाच तिची ताकद घटते. उणे १८ अंशांवर तिची सेल फिरवण्याची क्षमता उन्हाळ्यातल्या निम्म्याहूनही खाली येते.

डिझेलचं दुखणं आणखी वेगळं. त्यात नैसर्गिक मेण असतं. थंडी वाढली की डिझेल आधी धुरकट दिसू लागतं, मग मेणाचे स्फटिक फिल्टरमध्ये अडकतात आणि इंजिनाला इंधनच मिळत नाही. अशा वेळी ब्लॉक छान कोमट असतो, सेल जोरात फिरतो आणि गाडी तरी हूं की चूं करत नाही. लोक हीटरला दोष देतात, मेण फिल्टरमध्ये बसलेलं असतं. कॅनडात पंपावरचं डिझेल मोसमाप्रमाणे बदलतात, पण सप्टेंबरात टाकी भरून गाडी डिसेंबरपर्यंत उभी ठेवली तर टाकीत डिझेल सप्टेंबरचंच राहतं. आपल्या देशात हे दुखणं लडाखच्या ड्रायव्हरांना पाठ आहे. इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात तिथे खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहतं.

या गैरसमजाच्या पोटात एक घातक सल्ला दडलेला असतो: 'नाहीच सुरू झाली तर हवेच्या फिल्टरमध्ये ईथरचा स्प्रे मार.' ग्लो प्लग असलेल्या डिझेल गाडीत हे करू नका. तापलेल्या प्लगवर ईथर वेळेआधी पेटतं, पिस्टन वर येत असतानाच स्फोट होतो आणि पिस्टन, रिंगा किंवा कनेक्टिंग रॉड कामातून जातात. इनटेकमध्येच भडका उडाला तर जवळ उभ्या माणसाचा चेहरा भाजतो. वाचवलेली एक सकाळ एवढ्या मोलाची नसते.

"वाऱ्यामुळे उणे ४० वाटतंय, मग इंजिनही उणे ४० वर असणार"

हवामानाच्या बातमीतला तो दुसरा आकडा माणसाच्या उघड्या कातडीसाठी काढलेला असतो. हवा उणे २८ असेल तर लोखंड उणे २८ च्या खाली जाणार नाही, वारा कितीही सुटो. मात्र वाऱ्यानं ते लवकर गार होतं आणि हीटरची ऊबही वारा ओढून नेतो. म्हणून गाडीचं नाक भिंतीकडे करून लावणं खरंच कामाचं आहे.

"रात्रभर लावून ठेवलेला बरा, जितका जास्त वेळ तितकं गरम"

जुन्या गाड्यांमधल्या बहुतेक हीटरना थर्मोस्टॅट नसतो. ते सारखेच तापत राहतात. पण ब्लॉक जसजसा तापतो तसतशी त्याची उष्णता बाहेरच्या हवेत जास्त वेगानं जाते, आणि तीन-चार तासांत अशी वेळ येते की हीटर जेवढं देतो तेवढंच बाहेर निघून जातं. त्यापुढे तापमान जागचं हलत नाही, मीटर तेवढा पळत राहतो. चारशे वॉटचा हीटर बारा तास लावला तर ४.८ युनिट, तीन तास लावला तर १.२ युनिट. कॅनडाचं सरकारी खातं साध्या मोटारींसाठी गाडी काढण्यापूर्वी दोन तास पुरेसे मानतं. जुन्या डिझेलला, ओतीव लोखंडाच्या जड ब्लॉकला, मी तीन तास देतो आणि उणे तीसच्या खाली चार. बाहेर वापरायचा टायमर घ्यावा, घरातला नको.

यात फक्त घरच्या बिलाचा प्रश्न नाही. १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी अल्बर्टात, म्हणजे आमच्या प्रांतात, थंडीमुळे विजेची मागणी इतकी चढली की प्रत्येकाच्या मोबाइलवर आणीबाणीचा इशारा वाजला: अनावश्यक वीज बंद करा. त्या वेळच्या सूचनांमध्ये ब्लॉक हीटर लावणं पुढे ढकला, हीही एक होती. लोकांनी ऐकलं आणि काही मिनिटांत मागणी सुमारे २०० मेगावॉटनं उतरली. संध्याकाळी सहाला घरी येऊन प्लग खुपसायची सवय किती जणांना आहे, ते त्या दिवशी समजलं. सकाळी सातला निघणाऱ्या गाडीचा हीटर पहाटे चारला सुरू झाला तर कुणाचंच काही बिघडत नाही.

"गाडी गार राहिली, म्हणजे हीटर जळाला"

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण पैसे इथेच जातात.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी इंजिन दगडासारखं गार होतं, प्लग रात्रभर लावलेला असूनही. मी गाडी ओढून एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी बॉनेट उघडून वरून पाहिलं आणि 'हीटर जळालाय, बदलावा लागेल, कूलंटसकट' असं सांगून खर्चाचा कागद हातात दिला. कुणी काही मोजलं नव्हतं. मी गाडी परत आणली आणि घरातला साधा मल्टिमीटर काढला.

मोजायचं गणित शाळेतलं आहे. व्होल्टचा वर्ग भागिले वॉट म्हणजे ओहम. १२० चा वर्ग १४,४००, त्याला चारशेनं भागलं की ३६. म्हणजे चारशे वॉटचा हीटर धडधाकट असेल तर मीटरवर ३६ च्या आसपास ओहम दिसायला हवेत. सहाशे वॉटचा असेल तर २४, हजार वॉटचा असेल तर साडेचौदाच्या जवळ. प्लग भिंतीतून पूर्ण काढलेला हवा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

आधी भिंतीच्या सॉकेटमध्ये एखादा दिवा लावून वीज येते का ते पाहावं. सार्वजनिक वाहनतळावरच्या खांबांमधली वीज अनेक ठिकाणी आळीपाळीनं चालू-बंद होते, त्यामुळे दिवा लागला नाही म्हणून लगेच घाबरू नये. मग गाडीच्या जाळीतून लोंबणाऱ्या प्लगच्या दोन चपट्या पिनांना मीटर लावायचा. माझ्या मीटरनं काहीच दाखवलं नाही, मार्ग तुटलेला. पण हा मार्ग वायर आणि हीटर असा दोघांचा मिळून आहे. कोण तुटलंय हे अजून कळलेलं नसतं. गॅरेजनं निदान इथवर यायला हवं होतं.

म्हणून खाली वाकून, हात घालून, वायरचं दुसरं टोक हीटरवरून ओढून काढलं. निघताना खरखर आवाज आला. आतल्या एका पितळी पिनेवर हिरवट भुकटी साचलेली होती, रस्त्यावर टाकतात त्या मिठाची करणी. दुसरीच्या भोवतालचं रबर काळं पडून चिकट झालं होतं. हीटरच्या उघड्या दोन पिनांना मीटर लावला: ३७. हीटर ठणठणीत होता. वायर मेलेली होती. नवी वायर आणली, पिना पॉलिश पेपरनं घासल्या, वीजजोडांवर लावायचं ग्रीस बोटभर लावलं, सॉकेट तळाशी टेकेपर्यंत दाबून बसवलं आणि काम झालं. कूलंटचा एक थेंब काढावा लागला नाही.

आणखी दोन मोजण्या अशाच महत्त्वाच्या. दोन्ही चपट्या पिना आळीपाळीनं अर्थच्या गोल पिनेशी मोजाव्यात. तिथे मार्ग मुळीच दिसता कामा नये. दिसला तर हीटरचं कवच फुटून वीज कूलंटमध्ये, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात उतरते आहे. गळती पकडणारं सॉकेट अशा वेळी पुन्हा पुन्हा पडतं आणि लोक सॉकेटवर चिडून प्लग दुसरीकडे लावतात. कृपा करून असं करू नका, ते सॉकेट तुमचा जीव वाचवत असतं. आणि अर्थची पिन ते इंजिनाचा ब्लॉक यांत जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. जुन्या वायरीची तुटलेली अर्थ पिन हा मोठा दोष आहे, गाडी सुरू होत असली तरी. एक्स्टेंशन वायरही तीन तारांची, बाहेर वापरायची आणि जाडच हवी. घरातली पातळ वायर बर्फात गुंडाळी करून ठेवली की तीच तापते.

"फ्रीज प्लग काढून हीटर बसवला, तर इंजिनाचं संरक्षण जातं"

त्यानंतर दोन वर्षांनी हीटर खरोखर गेला. या वेळी हीटरच्या स्वतःच्या पिनांवरच मार्ग तुटलेला दिसला, त्यामुळे शंका उरली नाही.

पुष्कळ जुन्या इंजिनांमध्ये ब्लॉकच्या कुशीतल्या एका गोल भोकात, जिथे एरवी पत्र्याची वाटीसारखी टोपी असते, तिथे हीटर बसतो. या टोपीला फ्रीज प्लग म्हणतात आणि नावामुळे लोकांना वाटतं, की पाणी गोठून फुगलं तर ही टोपी उडून ब्लॉक वाचवते. प्रत्यक्षात ब्लॉक ओततात तेव्हा आतल्या पोकळ्यांसाठी वाळूचे गाभे ठेवतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू बाहेर काढायला भोकं लागतात, आणि मागाहून ती भोकं टोपीनं बुजवतात. टोपीचा जन्म एवढ्यासाठी. गोठणाऱ्या पाण्यानं कधी टोपी उडते, कधी टोपी जागेवर राहून ब्लॉकच तडकतो. संरक्षण करतो तो कूलंट. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर ते उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं.

याच्या शेजारचाच दुसरा गैरसमज: निम्मं पुरतं तर नुसतं ग्लायकॉल घातलं की आणखी भक्कम. प्रत्यक्षात शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. पाणी हवंच, फक्त डिस्टिल्ड.

"मोठा हीटर घालू, पटकन तापेल"

भोकाचा व्यास, आतल्या कांबीचा वाक आणि तिथे तिला मिळणारी जागा हे सगळं इंजिनागणिक ठरलेलं आहे. त्या इंजिनासाठी दिलेलाच हीटर घ्यावा. कांब सिलिंडरच्या भिंतीला किंवा ओतकामाला टेकली तर तिथे ती एका जागी तापते आणि थरथरीनं घासून झिजते. काही इंजिनांत आटे पाडलेलं भोक असतं, तिथे आट्यांचाच हीटर लागतो. आणि व्होल्ट नीट वाचावेत. युरोपातून आणलेल्या जुन्या गाडीत २३० व्होल्टचा हीटर असू शकतो. तो कॅनडातल्या १२० वर लावला तर पाव ताकदीनं कसाबसा कोमट होतो आणि मालकाला वाटतं, हीटर म्हातारा झाला. उलट १२० चा चारशे वॉटचा हीटर २३० वर लावला तर तो जवळपास दीड हजार वॉट ओढू पाहतो आणि जळून जातो.

"जुना ओढून नवा चटकन खुपसला, की कूलंट काढायची गरज नाही"

काही जण असं करतात. मी करणार नाही. थंडी पडण्याआधी, दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी मी काम काढलं. इंजिन आदल्या रात्रीपासून बंद, पूर्ण गार. गाडी सपाट फरशीवर, नुसत्या जॅकवर न विसंबता खाली स्टँड लावून. नुसता रेडिएटर रिकामा केला तर ब्लॉकमध्ये कूलंट राहतोच, म्हणून ब्लॉकचा निचरा बोल्टही उघडला. रुंद परातीत सगळं धरलं. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. अंगणातल्या डबक्यातलं थोडंसं चाटून कुत्री-मांजरं मरतात. त्यामुळे सांडलेलं लगेच पुसलं आणि जुना कूलंट झाकणाच्या डब्यात भरून शहराच्या इको स्टेशनवर दिला.

माझ्या गाडीतल्या हीटरच्या चकतीवर मधोमध एक स्क्रू होता. चकतीच्या मागे, ब्लॉकच्या आत, एक आडवी पट्टी त्या स्क्रूवर अडकलेली असते. स्क्रू आवळला की ती आतून भिंतीला धरून बसते. तो स्क्रू सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. पूर्ण काढला तर पट्टी आत पाण्याच्या वाटेत पडते आणि ती शोधण्यात दिवस जातो. चारेक फेरे सैल केल्यावर चकती बोटांनी हलू लागली. मग थोडी तिरपी करून, कांबीच्या वाकाबरोबर वळवत बाहेर घेतली. कांबीवर चुन्यासारखा पापुद्रा होता आणि वाकाजवळ केसाएवढी चीर. ओ-रिंग चपटी होऊन प्लॅस्टिकसारखी कडक झाली होती.

पहिल्यांदाच हीटर बसत असेल तर टोपी काढावी लागते. तिच्या एका कडेला बोथट छिन्नीनं ठोकलं की ती भोकातच आडवी फिरते, मग पक्कडीनं ओढून घ्यायची. ठोकून आत ढकलायची नाही.

"जरा जास्त आवळलं आणि वर सिलिकॉन फासलं, की गळणार नाही"

ओ-रिंगच्या हीटरला पाणी अडवतं ते रबर आणि स्वच्छ भिंत यांचं एकमेकांना टेकणं. भोकाच्या आतल्या कडेला गंजाचं कडं असतं. मी बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून ते पूर्ण निघेपर्यंत घासलं आणि मग नखानं चाचपून पाहिलं. या कामाला पाऊण तास गेला, आणि सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी पाऊण तास तोच. नव्या ओ-रिंगला थोडा कूलंटच लावला. साधं ग्रीस लावू नये, कूलंटसाठीच्या पुष्कळ ओ-रिंगांचं रबर त्यानं फुगतं. सिलिकॉन तर नकोच, त्यावर रबर सरकतं आणि उरलेला गोळा सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातो. आट्यांच्या हीटरची गोष्ट निराळी. त्याच्या आट्यांना सील करणारा लेप किंवा टेप लागते, ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. स्क्रू कंपनीनं दिलेल्या मापानं आवळायचा. ते माप फार छोटं असतं, हाताला 'आणखी थोडं' वाटतं तिथेच थांबावं लागतं. जास्त आवळलं तर आतली पट्टी वाकते आणि चकती तिरपी बसते.

"बसवल्या बसवल्या लावून बघू, तापतो का"

कूलंट भरण्याआधी एक क्षणही लावू नका. पाण्याबाहेर रॉडचं बटण दाबलं तर काय होतं ते आपल्या घरातल्या प्रत्येकानं कधी ना कधी पाहिलेलं आहे. ही कांबही हवेत काही सेकंदांत लाल होऊन जाते. आणि कूलंट भरला म्हणजे ती बुडलीच, असंही धरून चालू नये. कुशीत हवेचा फुगा अडकू शकतो.

मी निम्मं-निम्मं मिश्रण हळूहळू ओतलं, गाडीतला उबेचा स्विच पूर्ण गरमवर ठेवला आणि इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू दिलं. वरचा होज हाताला गरम लागला, बुडबुडे थांबले, पातळी थोडी उतरली. इंजिन गार झाल्यावर तेवढी भर घातली. तोवर वायर एक्झॉस्ट, पंखा आणि बेल्टपासून दूर नेऊन जागोजागी बांधून घेतली. प्लगची शेपटी जाळीतून डाव्या बाजूला बाहेर काढली, ड्रायव्हरच्या दाराकडे जाताना दिसेल अशी. वायर लावलेली असतानाच गाडी काढणारे दर हिवाळ्यात निघतात, आणि नवी वायर तिथेच फाटते.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी टॉर्च घेऊन पाहिलं, तर त्यावर तेलाचा नेहमीचा एक डाग होता, हिरवा थेंब कुठेही नव्हता. चकतीच्या कडेवरून बोट फिरवलं, कोरडं. मग प्लग लावला आणि बॉनेटला कान देऊन उभा राहिलो. दोनेक मिनिटांनी आतून आवाज सुरू झाला, बारीक, सलग, चुलीवर चहाचं आधण ठेवल्यावर येतो तसा.